लेक्कद ताता

'एक' हा आकडा शिकवायला किती दिवस लागावेत? आमच्या कुवेंपुनगरातल्या आजोबांना अकरा लागले. बाराव्या दिवशी विद्यार्थ्याची आई धास्तावून चौकशीला आली, तेव्हा आजोबा प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "एक झाला हो पक्का. आता दोनाला हात घालू. पण घाई नको."

विद्यार्थी पाच वर्षांचा. शाळेत त्याला शंभरपर्यंत येत होतं, घरी पाहुण्यांसमोर दीडशेपर्यंत येत होतं. आजोबांकडे शिकायला लागल्यापासून तो एकावर आला होता.

आजोबा मूळ सांगलीचे. उभी हयात राष्ट्रीयीकृत बँकेत गेली, शेवटची वर्षं हेड कॅशियर म्हणून. मुलगा म्हैसूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून निवृत्तीनंतर सांगलीच्या घराला कुलूप आणि आजी-आजोबा म्हैसुरात. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं (एक लिहायला, दुसरं पहिलं बंद पडलं तर), पँटच्या खिशात चिंचोके आणि डाव्या मनगटावर पाच-सात रबरबँड. रबरबँड ही बँकेची सवय. वर्तमानपत्राचं पान उलटण्याआधी त्यांचा अंगठा अजूनही ओल्या स्पंजाच्या शोधात टेबलावर फिरतो. कुठलीही गोष्ट ते दोनदा मोजतात, दुसऱ्यांदा उलट्या बाजूनं. जिन्याच्या पायऱ्या चढताना मोजतात आणि उतरताना ताळा घेतात.

कॉलनीतली पोरं त्यांना 'लेक्कद ताता' म्हणतात, म्हणजे हिशोबवाले आजोबा. आजोबांचं कन्नड बेताचंच, पण त्यातला एक शब्द त्यांना अस्खलित येतो: "एष्टु?" किती? या एका शब्दावर त्यांचे शिकवणी आणि भाजीबाजार असे दोन्ही संसार चालतात. फरक एवढाच की बाजारात उत्तर आलं की ते नाक मुरडतात आणि शिकवणीत उत्तर आलं की पुन्हा विचारतात.

असा माणूस गावोगाव एखादा असतोच. त्याला पत्ता विचारला तर तो आधी पूर्व कुठली ते तुम्हाला दाखवायला सांगतो. चहा कसा करायचा विचारलं तर भांडं विसळलंय का, इथून सुरुवात. पहिली पायरी हलवून बघितल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवायचा नाही, हा त्याचा बाणा. अशा माणसाच्या हाती राज्य दिलं तर काही कोसळण्याची भीती नाही, कारण काही उभंच राहणार नाही. मात्र एका ठिकाणी हा माणूस सोळा आणे बरोबर ठरतो. पाच ते सात वर्षांच्या पोराला गणित शिकवताना. आणि नेमकं हेच त्याच्या घरच्यांना आणि पोरांच्या आयांना सोसत नाही.

आजोबांचा सिद्धांत असा, की अंक म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. पोर एक ते शंभर म्हणतं ते मनाचे श्लोक म्हणावेत तसं. पुरावा ते तिथल्या तिथे काढतात. जमिनीवर सात चिंचोके मांडायचे आणि पोराला मोजायला लावायचं. पोराचं तोंड बोटापेक्षा जोरात धावतं. बोट सातव्या चिंचोक्यावर टेकतं तोवर तोंड नऊ म्हणून मोकळं झालेलं असतं. पुन्हा मोजलं की आठ. पोराला यात काही वावगं वाटत नाही. मघाशी नऊ होते, आता आठ आहेत. चिंचोकेच ते, एखादा कुठे गेला असेल.

म्हणून आजोबांची पहिली पायरी बिनआकड्यांची. कपाला बशी, पायाला चप्पल, पोराला बस्कर. कोणाला कमी पडलं का? काही उरलं का? एकास एक लावता येईना तोवर तोंडातून अंक काढायची बंदी. मग एका चिंचोक्याला एकच अंक, मोजलेला उचलून वाटीत. सुटायचा नाही, दोनदा लागायचा नाही. इथवर आया दम धरतात. पुढची पायरी मात्र कोणाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

ती मी माझ्या धाकट्यावर घडताना पाहिली. त्यानं पाच चिंचोके नीट मोजले. "एष्टु?" आजोबांनी विचारलं. तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. पाच. "हो, पण एष्टु?" पुन्हा मोजणी. चार-पाच वेळा हे झाल्यावर आजोबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बरं, मला पाच दे." पोरानं शेवटचा एकच चिंचोका उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. मी कपाळावर हात मारणार, इतक्यात आजोबा आनंदानं ओरडले, "बघा! पाच हे त्याला याचं नाव वाटतंय! हा एक, हा दोन, आणि हे बसलेत ते पाचराव!"

आणि खरंच तसं होतं. शेवटचा उच्चारलेला अंक त्या शेवटच्याचा नसून सगळ्या घोळक्याचा असतो, हे पोराला कोणी सांगितलेलंच नसतं. आपल्याला ते कधी समजलं ते आठवत नाही, म्हणून ते समजावं लागतं हेच आपण विसरतो. आजोबा विसरत नाहीत. पाचरावांना त्यांच्या टोळीत सामील करून घ्यायला त्यांनी तो आठवडा घालवला.

एकाला अकरा दिवस का लागले तेही सांगायला हवं. एक चिंचोका एक, हे ठीक. पण तांदळाचा दाणाही एक आणि तांदळाचं पोतंही एक, हे पोराच्या पचनी पडेना. एक डझन केळी आणली तर ती एक की बारा, यावर दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी पोरानं विचारलं, "पाणी एष्टु?" आजोबा रात्रभर विचार करत होते, असं आजी सांगतात.

मोजून झालेले चिंचोके लांब-लांब पसरले की पोर म्हणतं, आता जास्त झाले. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं हा खेळ लावून १९४१ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. आजोबांना पियाजे माहीत नाही. त्यांना काउंटर माहीत आहे. "अहो, पेन्शनर मंडळी शंभराची नोट परत सरकवायची आणि दहाच्या दहा मागायची," ते सांगतात. "तेवढेच पैसे, पण हातात गड्डी आली की चेहरा खुलायचा. साठाव्या वर्षी माणूस पसरलेल्याला जास्त म्हणतो, तर पाचव्या वर्षी म्हटलं तर काय चुकलं?"

कॉलनीतल्या आयांशी त्यांचं पहिलं गैरसमजाचं संभाषण अजून सांगितलं जातं. तळमजल्यावरच्या बाई अभिमानानं म्हणाल्या, "नम्म मगुगे इप्पत्तरवरेगू मग्गी बरुत्ते." आमच्या बाळाला वीसपर्यंत मग्गी येते. आजोबा वर येऊन सुनेला म्हणाले, "एवढ्याशा पोराला मॅगी करायला लावतात. वीस-वीस पाकिटं! गॅसपाशी जाऊ कसं देतात?" कन्नडमध्ये पाढ्यांना मग्गी म्हणतात हे सुनेनं सांगितल्यावर तर ते जास्तच चिंतेत पडले. मॅगी करता येणं परवडलं, पण ज्याला बारा वस्तू दाखवल्यावर मोजता येत नाहीत त्याला बारा साती चौऱ्याऐंशी येतं, याला काय म्हणावं? दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पोराला दोन-दोनच्या चार जोड्या चपला दाखवून विचारलं, एकंदर चपला एष्टु? पोरानं दोनाची मग्गी धडाधड म्हणून दाखवली, एरडोंद्ला एरडु, एरडेरड्ला नाल्कु, आणि मग खाली बसून चपला एकेक करून मोजल्या. मग्गी आणि चपला यांची ओळखच नव्हती.

आता या आयांची बाजूही घ्यायला हवी. त्यांच्या पोरांना शाळेत पुढच्या महिन्यात परीक्षा असते आणि आजोबांच्या पोथीत पुढचा महिना तिनासाठी राखून ठेवलेला असतो. ॲबॅकसच्या क्लासात पोरं हवेत बोटं नाचवून तीन आकडी बेरजा करतात, तिथून ती इकडे येऊन कपबश्या जुळवत बसतात. "अंकल, थोडं पुढे घ्या ना," असं एकीनं विनवलं तेव्हा आजोबांनी तिला शांतपणे विचारलं, "पुढे म्हणजे कुठे?" तिला उत्तर सुचलं नाही. सुचणार कसं? पुढे म्हणजे शेजारणीच्या पोराच्या पुढे, हे तोंडानं कसं सांगायचं?

आजोबांचा पराभव झाला तो एकाच ठिकाणी, आणि तो त्यांच्याच नातीनं केला. नात दुसरीत. शाळेत इंग्रजी, अंगणात कन्नड, घरात मराठी. 'त्रेपन्न' सांगितलं की ती ३५ लिहायची, कारण कानावर आधी 'त्रे' पडतं. अंगणातली पोरं 'ऐवत्तमूरु' ऐकून बिनचूक ५३ लिहायची. पन्नास आणि तीन, ऐकलं तसं लिहिलं. 'एकोणसाठ'ला तर नात रडायचीच. बरोबर आहे, त्यात साठातून एक वजा करायचा असतो आणि वजाबाकी अजून आठ महिने लांब होती. कन्नड पोरं ऐवत्तोंबत्तु म्हणून खेळायला पळत.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकानं 'वीस एक, वीस दोन' असं वाचायची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रात कोण गहजब झाला होता. विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडखळतात. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, जोडीला ही सोपी रीत दिली आहे. ऐकून कोण घेतो! आजोबांनी त्या वेळी सांगलीहून एका वृत्तपत्राला खरमरीत पत्र धाडलं होतं. कात्रण अजून पाकिटात आहे. आणि आता म्हैसुरात रोज संध्याकाळी ते नातीला गॅलरीच्या टोकाला नेऊन दबक्या आवाजात सांगतात, "पन्नास तीन. लिही. आजीला सांगू नकोस."

दशकाच्या पायरीवर मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नाही. म्हैसूर उदबत्तीचं गाव. घरोघरच्या देवघरांतून विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या आजोबा गोळा करतात. शेजारणींना वाटायचं, म्हाताऱ्याचं काही व्रत आहे. दहा काड्या झाल्या की मनगटावरचा एक रबरबँड उतरतो आणि जुडी होते. शंभर नोटांचं पॅकेट, दहा पॅकेटांचं बंडल, हा बँकेचा दंडक. आजोबांच्या लेखी विश्वही त्याच हिशोबानं बांधलेलं आहे. नातीच्या तुकडीला ते २७ आणि १५ देतात. दोन जुड्या सात सुट्या, एक जुडी पाच सुट्या. सुट्या मिळून बारा. त्यातल्या दहा बांधल्या की नवी जुडी, ती हातात धरायची. "हाच हातचा," ते बजावतात. "हातचा म्हणजे हातात पाहिजे. शाळेत बेरजेच्या डोक्यावर लिहायला लावतात तो हातचा नव्हे, तो डोक्यावरचा." मग मूठ उघडून ती जुडी जुड्यांच्या शेजारी ठेवायची. चार जुड्या, दोन सुट्या. हे सगळं इतकं सावकाश, की शेवटी उत्तर बेचाळीस आलं की पोरं टाळ्या वाजवतात.

वजाबाकीत उलटा प्रवास. सुट्या कमी पडल्या की एका जुडीचं रबर काढायचं. हा भाग फार लोकप्रिय, कारण काढलेलं रबर क्षणभर पोराच्या बोटांत असतं आणि तेवढ्यात ते ताणून समोरच्याला मारता येतं. त्यामुळे आमच्याकडे धाकट्या तुकडीतली पोरं सणाची नव्हे, वजाबाकीची वाट पाहतात, आणि आजोबा ती लांबणीवर टाकत राहतात.

आपण जगावेगळं काही करतोय अशी आजोबांची भाबडी समजूत होती. ती धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंच्या मुलीनं मोडली. मुलगी सरकारी शाळेत. एक दिवस आईबरोबर आली, आजोबांची मांडामांड बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे तर आमच्या शाळेतलं. नली-कली." चौकशीत निघालं ते असं, की याच म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी ऋषी व्हॅली शाळेचा प्रयोग बघून हे सुरू केलं होतं. धडा बारीक-बारीक पायऱ्यांत तोडायचा, प्रत्येक पायरीचं कार्ड, भिंतीवर शिडी. ज्याचं त्यानं आपल्या पायरीवरून पुढे जायचं. पोर आठ दिवस तापानं निजलं किंवा आईबापांबरोबर मजुरीला गेलं, तर परत आल्यावर जिथे सुटलं त्याच पायरीवरून सुरू. वर्ग काही त्याला सोडून पुढे गेलेला नसतो. पुढे हे राज्यभर पसरलं.

आजोबा गप्प झाले. बरंच खट्टू झालेले दिसले. मग त्यांनी मुलीला जवळ बोलावून विचारलं, "तुमच्या शिडीला पायऱ्या एष्टु?" तिनं खांदे उडवले. आजोबांचा चेहरा उजळला. शिडी सरकारनं लावली असेल, पायऱ्या मोजायच्या राहिल्या होत्या! दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी तुकडीत आली आणि आठवड्याभरात आजोबांची सहायक झाली. पाचराव प्रकरण ती आता त्यांच्यापेक्षा लवकर मिटवते. कन्नडमधून सांगते म्हणूनही असेल.

चामुंडी टेकडीची सहल ही या शाळेची एकमेव सहल. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयरांनी बांधवलेल्या त्या पायऱ्या. कोणी हजार सांगतं, कोणी हजार आठ; दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात. हेड कॅशियरच्या जिवाला हा फरक सहन होण्यासारखा नव्हताच. एका रविवारी पहाटे आठ पोरं, तीन आया आणि मी असा काफिला त्यांनी पायथ्याशी उभा केला. प्रत्येक दहा पायऱ्यांना एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात, अशी योजना. पण निघण्याआधीच घोडं पेंड खाऊ लागलं. पहिली पायरी कुठली? ज्या जमिनीवर उभे आहोत ती एक, असं चौघांचं म्हणणं. पाय उचलून ठेवू ती एक, असं बाकीच्यांचं. आजोबांना दोन्ही पक्ष ऐकून घ्यायचे होते. सूर्य वर आला. व्यायामाला आलेली मंडळी वर जाऊन खाली आली आणि आम्ही अजून शून्यावर.

तेवढ्यात एक बाई आल्या. ओल्या केसांच्या, हातात हळदकुंकवाचं ताट. खाली वाकायचं, पायरीला हळद, कुंकू, एक पाऊल वर, पुन्हा वाकायचं. इथल्या बायका नवस फेडायला अशा सगळ्या पायऱ्या पुजत जातात. आजोबांनी वाद हातानंच थांबवला. "बघा. या बाईंच्या तोंडात एकही अंक नाही. पण एक पायरी सुटली? एकीला दोनदा लागलं?" पोरं बघत राहिली. माझा धाकटा म्हणाला, "त्या मोजत नाहीत आजोबा, पूजा करतायत." आजोबा म्हणाले, "मग आपण कुंकू मोजत जाऊ." आणि त्या बाईंच्या मागोमाग, प्रत्येक ताज्या टिळ्याला एक अंक लावत, आमची वरात निघाली. जमिनीला कुंकू नव्हतं, त्यामुळे पहिली पायरी कुठली हा प्रश्नही आपोआप मिटला. एकशेचाळीसच्या पुढे कुठेतरी दोन पोरांना तहान लागली, एकाला शू लागली आणि आया परत फिरल्या. निम्म्याहून जास्त चढल्यावर भेटणारा तो एकसंध दगडाचा नंदी पोरांनी पाहिलाच नाही. आजोबा एकटे वर गेले. आकडा किती आला ते सांगत नाहीत. "ताळा जुळला नाही," एवढंच म्हणतात.

या सगळ्याचा आजींवर काय परिणाम होत असेल? तर काहीही नाही. आजींना वडिलांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असं सगळं लहानपणी पाठ करून घेतलेलं. दूधवाला महिन्याचा हिशोब घेऊन आला की आजोबा कागद, पेन आणि चष्मा गोळा करीपर्यंत आजी कणीक मळता मळता आकडा सांगून मोकळ्या होतात. दीड लिटर, एकतीस दिवस, साडेशेचाळीस लिटर. दोन दिवस नागा, तीन वजा. आजोबा मागाहून कागदावर तेच उत्तर काढतात आणि म्हणतात, "बरोबर आहे, पण तुला समजलेलं नाही." आजी म्हणतात, "न समजता चाळीस वर्षं तुमचा संसार केला, तोही बरोबरच आला ना?" स्वयंपाकात त्यांचं माप म्हणजे अंदाज. आजोबांनी एकदा आमटीच्या कृतीच्या पायऱ्या लिहून घ्यायचा प्रयत्न केला होता. वही दुसऱ्या पायरीवर थांबली आहे. पहिली आहे 'तेल तापवणे' आणि दुसरी 'किती तापवणे?'

परवा आजोबांचा मुलगा म्हैसूरपाक घेऊन आला. राजवाड्यातले आचारी काकासुर मादप्पा यांनी नाल्वडी कृष्णराज वडेयरांसाठी तो पहिल्यांदा केला, असं इथे सांगतात. त्यांच्या वंशजांचं दुकान देवराज मार्केटपाशी अजून आहे. खोक्यात सात वड्या उरल्या होत्या आणि धाकट्या तुकडीची चार पोरं समोर बसली होती. वास सुटल्यावर शिकवणी कसली होते! आजोबांच्या क्रमात वाटणी बरीच पुढे होती, पण नाइलाज झाला.

"सात वड्या, चार जण," त्यांनी ताटली मधे ठेवली. "एकेक दिली तर उरल्या तीन. त्यांचे अर्धे केले तर सहा अर्धे. एकेक अर्धा वाटला..." पोरं ताटलीकडे बघत होती. "उरले दोन अर्धे. त्यांचे पुन्हा अर्धे केले की चार पाव. म्हणजे प्रत्येकाला एक, अर्धा आणि पाव. पावणेदोन!" ते सुरी आणायला उठले. सुरी घेऊन आले तर ताटलीत सहा.

"एष्टु?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं. ज्याला अकरा दिवस एक शिकवला होता, त्याचे गाल फुगलेले होते. आजोबा रागावले नाहीत. खाली बसले आणि म्हणाले, "हरकत नाही. सहा वड्या, चार जण. हे जरा सोपं आहे. एकेक, मग उरलेल्या दोन्हींचे अर्धे. प्रत्येकी दीड." दीड सगळ्यांच्या ध्यानात येईपर्यंत त्यांनी चिंचोक्यांवर ते दोनदा करून दाखवलं. वर पाहिलं तर ताटलीत पाच.

"इन्नोंदु तिंदे," पोरगं प्रांजळपणे म्हणालं. आणखी एक खाल्ली.

"पाच वड्या, चार जण," आजोबांचा आवाज किंचित चढला होता, पण गणित सुटत नव्हतं. "प्रत्येकी सव्वा. आता एका वडीचे सारखे चार..." म्हैसूरपाकाची वडी सुरीखाली कधी सारखी कापली गेली आहे का? ती भुगा होणार हे लक्षात येऊन ते थबकले. त्या पोरानं त्यांची अडचण ओळखली, पाचवी वडी उचलली आणि तोंडात टाकली.

ताटलीत चार. "प्रत्येकी ओंदु," तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला. "लेक्का मुगीतु." हिशोब संपला.

आजोबांनी सुरी खाली ठेवली. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तुझ्या पोटात एष्टु?"

"मूरु."

"आणि ताटलीत तुझी?"

"ओंदु."

"मग तुझ्या एकंदर एष्टु?"

कॉलनीतल्या सगळ्या आया महिनाभर ज्याची वाट बघत होत्या ते इथे घडलं. पोरानं बोटं काढली नाहीत, पोटातल्या तीन वड्या पहिल्यापासून मोजायला घेतल्या नाहीत. तिनावरून एक पाऊल पुढे टाकलं. "नाल्कु."

"शाब्बास!" आजोबा ओरडले. "तीन धरून ठेवले आणि पुढे मोजलं! अहो, ऐकलंत का? पुढे मोजलं यानं!" आजी स्वयंपाकघरातून आल्या, माझी बायको गॅलरीत आली, पोराची आई खालून धावत आली. आजोबांनी वहीत त्या पोराच्या नावापुढे तारीख घातली आणि मोठी बरोबरची खूण केली.

बाकीच्या तिघांनी एव्हाना भोकाड पसरलं होतं. त्याला चार आणि आम्हाला एकेकच? त्याला किती जास्त मिळाल्या, ते सांगा!

"ते वजाबाकीत येतं," आजोबा वही मिटत म्हणाले. "वजाबाकी दसऱ्यानंतर."